साडेतीन बोटं

खाजाभाई शिकलगार लगेच चाकू दाखवत नाही.
आधी म्हणतो, हात आण.
मंगळवार बाजारात पत्र्याच्या पेटीमागं
धारेच्या दगडावर पाणी शिंपडत बसलेला असतो,
आणि गिऱ्हाइकाचा तळवा ज्योतिष्यासारखा बघतो.
फक्त नशिबात त्याला रस नसतो.

"रोज काय कापतोस?"

मी आठवायला लागलो.
सूत. गाठोड्याची सुतळी.
चादरींच्या गठ्ठ्यावरची प्लास्टिकची पट्टी,
तुटताना सपकन गालावर येते ती.
चारच्या सुट्टीत एक पेरू, चौघांत.
मागाच्या चाकात गुरफटलेल्या दशा.
नातवाच्या पेन्सिली, कारण त्याचं शार्पनर
दर सोमवारी हरवतं.

"आणि माणूस?" हसला नाही तो.
"नाही."
"मग सहा इंचीला कशाला हात लावतोस?"

खरंच गेला होता हात.
विशीत गड्ड्याच्या यात्रेत घेतलेला मी तसाच,
शिंगाची मूठ, खटका दाबला की सर्रकन पातं.
दोनदा पँटचा खिसा फाडला त्यानं,
तिसऱ्यांदा पद्मानं सुई खाली ठेवली.
सायकल मारताना मांडीला टोचायचा.
एस्टी स्टँडवर हवालदारानं उघडून बघितला,
अंगठ्याच्या नखावर धार पाहिली
आणि ठेवून घेतला.
वर मलाच विचारलं, पोटापाण्याला काय करतोस?
त्या चाकूनं आयुष्यात केलेलं सगळ्यात मोठं काम
म्हणजे एक कलिंगड.

मग सुताच्या दलालानं दिवाळीला दिलेला,
किल्ल्यांना अडकवायचा, करंगळीएवढा.
एका बाजूला लक्ष्मी, दुसऱ्या बाजूला दलालाचा फोन नंबर.
सुतळीवर घासला की सुतळीला गुदगुल्या.

घरी तेलुगूत आम्ही म्हणतो कत्ती,
मागावर चाकू, खाजाभाई म्हणतो छुरी.
तीन भाषांत मिळून माझ्याकडं
बरोबर मापाचा एकही नव्हता.

"मिटलेला मुठीत धर," तो म्हणाला,
"दोन्हीकडून डोकावला तर मोठा.
मुठीत शोधावा लागला तर लहान.
आणि पातं चार बोटं. तुझी चार, माझी नाहीत."

मी हात पुढं केला.
त्यानं पातं मधल्या पेरांवर आडवं ठेवलं.
तीन बोटांनी ते पेललं,
तर्जनीपाशी लोखंड हवेत राहिलं.

अठ्ठ्याण्णव साल, रात्रपाळी,
चालू मागात अडकलेला धागा.
मोठा चाकू हवालदाराकडं,
छोटा किल्ल्यांबरोबर घरी, खुंटीला.
म्हणून मी बोट घातलं.
एवढंच. जॉबरनं वीज तोडली,
धागा मात्र आपोआप सुटला होता.

खाजाभाईनं विचारलं नाही काही.
ते पातं पुसून पेटीत ठेवलं
आणि बिस्किटाच्या जुन्या डब्यातून दुसरं काढलं,
लाकडी मूठ, पितळेचा खिळा,
बोटभर आखूड.
दगडावर दहा-बारा वेळा फिरवलं,
स्वतःच्या मनगटावरचे चार केस उडवून दाखवले.
"ऐंशी," म्हणाला. "तुला सत्तर."
पाच रुपये मी तरी घासाघीस केलीच.

आता तो खिशात असतो आणि जाणवत नाही,
म्हणून दिवसातून दहादा मी खिसा चाचपतो.
मूठ धरली की तर्जनीचा थुटका
पात्याच्या पाठीवर नेमका टेकतो,
जणू तिथं बसायला त्याला पाट मांडलाय.

काल पद्माची बिडीची कात्री बोथट झाली.
दोऱ्याचं बंडल तोडायला तिनं चाकू मागितला
आणि दिवेलागणीपर्यंत परत दिला नाही.
तिच्या हाताला सगळी बोटं आहेत.
तिला लहान पडत असणार.
विचारलं तर पानांवरची नजर न काढता म्हणाली,
बरा आहे.