दमसास

स्लावच्या औद्योगिक वसाहतीत रात्री दोनला
हवेला चॉकलेटचा वास असतो.
आत तिसऱ्या दालनात कशालाच वास नाही.
नुसता पंख्यांचा घोष,
आणि कानांत पिवळे बोळे घातलेले आम्ही दोघं:
मी, आणि इवर प्रॉसर,
जो पूर्वी स्वॉन्झीच्या इस्पितळात बॉयलर सांभाळायचा.

काम सोपं म्हणून सांगितलं होतं.
सोळा सर्व्हर. कंपनीने घालून दिलेला वेग ४.१.
गिऱ्हाइकाला हवा ५.
तोही घटकाभर नव्हे;
सोमवारी सकाळपासून शुक्रवारी बाजार मिटेपर्यंत,
सगळ्या कोअरवर, एकाही कोअरने डुलकी न घेता.
पापणी लवण्याच्या लाखाव्या हिश्शात म्हणे
दुसराच कोणी भाव उचलून नेतो.

‘जरा वेळ पळणं काय,’ इवर म्हणाला,
‘बस सुटत असली की मीसुद्धा पळतो.’

मग आम्ही चिपांची टोपणं पात्याने उचकटली,
जुना वाळका लेप खरवडला,
पाऱ्यासारखं काहीतरी, पण पारा नव्हे, पसरलं
कापसाच्या काडीने, डोळ्यात काजळ घालावं तसं.
वरून पाण्याच्या नळ्या.
व्होल्टेज चिमटी-चिमटीने:
१.१९. १.२२. १.२४.
मीठ घालताना आई जशी थांबायची, चव घ्यायची,
तसे आम्ही थांबायचो. आकडे चाखायचो.
चौऱ्याऐंशी अंश. शहाऐंशी. पुरे.

आणि मग बहात्तर तासांची परीक्षा.
खुर्चीत झोप, मशीनमधली कॉफी,
वरून हीथ्रोकडे उतरणारी विमानं, न ऐकू येणारी.

एक्केचाळिसाव्या तासाला सात नंबर चुकला.

बंद पडला नाही. तांबडा दिवा नाही, किंकाळी नाही.
कोट्यवधी उत्तरांत एक उत्तर
एका बिटाने वेगळं आलं,
आणि तो पुढे चालू लागला, त्याच वेगाने,
त्याच थंड चेहऱ्याने.

पडला असता तर बरं झालं असतं.

चौथीत हुद्दार बाईंनी स्पर्धा लावली होती,
एकोणतीसचा पाढा, एका दमात.
पोरं चौकापर्यंत जाऊन फाफलत होती.
एकजण सुसाट सुटला,
एकोणतीस साती दोनशे तेरा म्हणाला,
आणि न अडखळता दाहेपर्यंत पोचला.
वर्गाने टाळ्या वाजवल्या. बाईंनी कंपास दिली.
दोनशे तेरा कोणालाच ऐकू आलं नाही.
घरी जाताना पुलावर त्याने स्वतःशी पुन्हा म्हणून पाहिलं,
सावकाश.
ती कंपास माझ्याकडे अजून आहे.

सकाळी लिंडसे ऑकडनचा फोन आला.
‘एक्केचाळीस तासांत एक? कोणाच्या लक्षात येणारे?’
तिचंही बरोबर होतं. तिच्या डोक्यावर तिचा साहेब होता,
आणि गिऱ्हाईक दर तासाला विचारत होतं.
मी म्हटलं, माझ्या आलंय.
हे मराठीत म्हणालो बहुतेक,
कारण पलीकडे जरा वेळ शांतता होती.

सात नंबर खाली आणला. ४.९ ला पुन्हा चुकला, साठाव्या तासाला.
४.८.
बाकीचे पंधरा पाचवर, त्यांची छाती मोठी.
सगळ्या वाळूला एकच दम नसतो;
एकाच साच्यातून, एकाच दिवशी, एकाच हाताने निघाली तरी.
अहवालात मी एवढंच लिहिलं:
सात नंबर, ४.८, कायम.
‘कायम’ हा शब्द खोडून
‘तूर्त’ लिहिला.

इवरने बाहेर जाणाऱ्या नळीवर तळवा ठेवला,
तीस वर्षं बॉयलरवर ठेवला असेल तसा,
मापकाकडे न बघता.
‘आता ही चालेल,’ म्हणाला.
तो सर्व्हरना ‘ही’च म्हणतो.

बाहेर अजून उजाडायचं होतं.
बसथांब्यावर रात्रपाळीची एक बाई
बूट काढून पाय चोळत बसली होती.
तिच्या शेजारी मी,
पहिली बस यायला अठरा मिनिटं.

एकोणतीस एके एकोणतीस.
एकोणतीस दुणे