तांडा फीडर

पोरगी म्हणाली, बाबा, पुस्तक आहे, मास्तर नाही.
अकरावीचं कॉम्प्युटर सायन्स,
आर्णीच्या कॉलेजात जागा तीन वर्षं रिकामी.
गणिताचे काळबांडे सर तासाला येतात,
फळ्यावर प्रोग्रॅम उतरवतात
आणि म्हणतात, जसंच्या तसं पाठ करा,
स्वल्पविरामासकट.

मी तेहतीस केव्हीच्या उपकेंद्रात यंत्रचालक.
खटका वर, खटका खाली, वहीत वेळ,
माझं शिक्षण तेवढ्याला पुरतं.
पण मास्तर पाह्यला निघालो,
जसे लोक स्थळ पाह्यला निघतात,
फक्त सोबत कोणी नव्हतं.

सेतू केंद्रातला विक्की म्हणाला,
काका, सातबारा काढून देतो, दाखला देतो,
कॉम्प्युटरच्या पोटात काय असते ते मले काय माहीत,
आपण तर वरूनच दाबतो.
बसस्टँडवरच्या क्लासवाल्यानं आधी चहा पाजला,
मग बारा हजार सांगितले,
मग टायपिंग शिकवतो म्हणाला.
साळ्याचा मित्र नागपूरहून तयार झाला, मोबाईलवर.
आमच्याकडे रेंज पाण्याच्या टाकीवर,
शिडीच्या अकराव्या पायरीला.
सेजल तीन दिवस चढली.
चौथ्या दिवशी तिच्या आईनं खालून पाह्यलं
आणि पहिल्याच पायरीला
गोऱ्ह्याचं दावं गुंडाळून गाठ मारली.

मास्तरीण सापडली जिनिंगच्या काट्यावर.
भावाचा कापूस घेऊन रांगेत लागलो होतो,
पुढे सव्वीस ट्रॅक्टर.
काट्याच्या खोलीत रजनी आडे, तांड्यावरची.
अमरावतीत बीसीएस, पुण्यात दोन वर्षं नोकरी,
मग बापाला लकवा.
एका खिडकीत वजन उतरत होतं,
दुसऱ्या, काळ्या खिडकीत
गाड्यांचे नंबर आपोआप लागत होते.
हे कोणं केलं?
'म्याच,' ती म्हणाली, 'मालकाले नाही माहीत.'

पहिल्या दिवशी तिनं सेजलला पुस्तक उघडूच दिलं नाही.
अंगणात नेलं.
'हे रांग पाह्य. पहिले आला तो पहिले सुटते.
अन् हे बारदान्याची थप्पी पाह्य.
खालच्या पोत्याचा नंबर कधी लागते?'
वरचे सगळे उचलल्यावर.
'झालं मंग. दोन धडे झाले तुये.'

फी विचारली तर हसली.
'फीचं पाहू सीझन सरल्यावर. तुम्ही लाईनचं पाहा.
माया कॉम्प्युटरचं यूपीएस मेलं हाये.
सात ते नऊ तांड्याची लाईट नका घालवू.'

आता हे माझ्या हातात आहे आणि नाहीही.
यवतमाळहून फोन येतो, अमुक फीडर, तमुक वेळ,
मी खटका ओढतो.
एकोणीस वर्षांत कोणासाठी थांबलो नाही.
सख्ख्या बहिणीच्या हळदीत अंधार केला मी,
ती अजून काढते.

काल आदेश आला. तांडा फीडर, आठला बंद.
आठला हात खटक्यावर, मोबाईल वाजला.
बाबा, दोनच मिनिटं, एक चूक सापडून नाही राह्यली.
मागून रजनी, 'अवं, पहिले सेव्ह कर.'
पॅनल घुमत होतं. ट्यूबलाईटवर पाखरं.
खिडकीतून लांब, टेकाडावर तांड्याचे दिवे,
त्यांतला तिचा कोणता, इथून ओळखू येत नाही.
मी उभा.
साहेबाचा फोन आला असता तर काय सांगणार होतो
ते आजही ठरलेलं नाही.

चाललं, बाबा!
काय चाललं?
एक ते दहाची बेरीज. पंचावन्न आली.
पंचावन्न तर मी तोंडी सांगितली असती.
बोललो नाही.
खटका ओढला. टेकाड काळं झालं.

वहीत लिहिलं, वीस वाजून तीन मिनिटं.
शेजारच्या रकान्यात विलंबाचं कारण लागतं.
बराच वेळ पेन तसंच धरून बसलो,
पाखरू वहीवर पडलं, ते फुंकलं,
आणि लिहिलं, पंचावन्न.