टोपडी

शेडमध्ये उणे एकोणीस.
हीटर लावलाय बाबांनी, पण तो तापतो स्वतःपुरता.
सत्त्याऐंशी सालची टोयोटा, दार सताड उघडं,
बॅटरीची वायर काढून ठेवलेली,
आणि मी स्टिअरिंगखाली आडवी,
तोंडात स्क्रू-ड्रायव्हर.

रात्रपाळीला जाताना साठ किलोमीटर
दोन्हीकडे बर्फ, मधे काळा रस्ता
आणि माझ्या हनुवटीवर डॅशबोर्डचा हिरवा उजेड,
जणू मी तळ्याच्या तळाशी बसून गाडी हाकतेय.
बदलू या का, म्हटलं.
बदल की, म्हणाले बाबा.
कशासाठी ते विचारलं नाही.

वेगकाट्याची केबल मागून सुटता सुटेना.
बोटांना सापडायची, नजरेला नाही.
स्क्रू एकेक करून बाबांच्या तळहातावर,
तिथून कॉफीच्या डब्याच्या झाकणात.
शेवटी निघालं पॅनल,
उलट्या घातलेल्या स्वेटरसारखं,
सगळे धागे बाहेर.

पाच बल्ब, शेंगदाण्याएवढे,
प्रत्येकाच्या डोक्यावर हिरवं रबरी टोपडं.
म्हणजे एवढंच?
मला वाटायचं, उजेडच हिरवा.
कारखान्यात कुणीतरी घालून दिलं, थंडी वाजेल म्हणून घालावं तसं,
आणि सदतीस वर्षं काढलंच नाही कुणी.

निळे बल्ब मागवले होते. ते पाकिटातच राहिले.
चार टोपडी निघाली.
पाचवं वितळून काचेला चिकटलेलं,
पेट्रोलच्या काट्यामागचं.
राहू दे म्हटलं.

बॅटरी जोडली. दिवे लावले.
पिवळसर, जरा तपकिरी,
कढवायला ठेवून विसरलेल्या लोण्यासारखा उजेड.
"कसा वाटतो?"
बाबा वाकून बघत राहिले.
"बदललं काय?"

थट्टा वाटली मला.
झाकणातलं एक टोपडं उचलून धरलं.
"याचा रंग सांगा."
ते उत्तर शोधायला लागले
माझ्या चेहऱ्यावर.

एकतीस वर्षं बर्फाचा नांगर चालवला या माणसानं
कुसामोपासून ताइवाल्कोस्कीपर्यंत.
सिग्नलचा वरचा दिवा थांब, खालचा जा.
डोळे तपासायला गेले तेव्हा
पुढच्या माणसाचे आकडे ऐकून पाठ केलेले.
मोज्यांच्या जोड्या आई लावून ठेवायची.
लिंगोनबेरी वेचायला मात्र कधी आले नाहीत आमच्याबरोबर.
कंबर धरते, म्हणायचे,
आणि जंगलाच्या कडेला सिगरेट ओढत उभे.

"मला ही अशीच दिसते," ते म्हणाले,
"घेतली तेव्हापासून."

पॅनल परत बसवलं. एक स्क्रू उरला.
उरतोच, म्हणाले, आणि खिशात टाकला.
हीटर बंद करून आत गेले, वाटेत एकदा
माझ्या लाल टोपीवरचा बर्फ झटकला,
"चांगला रंग आहे," म्हणाले,
कुठला ते न सांगता.

रात्री ऐंशीवर काटा थरथरत होता
बाबांच्या उजेडात.
फक्त पेट्रोलचा कोपरा अजून हिरवा.
टाकी अर्धी होती, निघतानाच पाहिलेलं,
तरी दर दहा किलोमीटरला
मी वाकून बघत होते.