परराज्यातला ट्रॅक्टर

चार हजार दोनशे डॉलर.
एवढाच फरक होता
आमच्या खोऱ्यातल्या क्लेटन बुशीच्या भावात
आणि पेनसिल्व्हेनियातल्या त्या माणसाच्या,
ज्याचं आडनाव मी कागदावर लिहून
फोनसमोर चिकटवलं होतं: लाँगनेकर.

संथ बोलायचा.
मध्येच कोणाला तरी सांगायचा, फाटक लाव.
मी विचारलं, किती तास चाललाय?
म्हणाला, अकराशे बारा.
विचारलं, गळतो कुठे?
जरा थांबला. मग म्हणाला,
बाई, माझं छप्पर गळतं. हा नाही.
त्या थांबण्यावर मी विश्वास ठेवला.

एकवीस फोटो पाठवले त्याने.
शेवटच्यात, हिरव्या बॉनेटवर,
त्याची स्वतःचीच सावली पडलेली,
डोक्यावर टोपी, कोपरं बाहेर,
चेहरा अर्थातच नाही.

एल्डन म्हणाला, दात न बघता घोडं घेतेस?
मी म्हटलं, तू तर बायको
नुसत्या पत्रांवर पसंत केलीस.
माझा भाऊ बराच वेळ बूट काढत बसला.
मग म्हणाला,
म्हणून तर सांगतोय.

पैसे मंगळवारी गेले.
त्यानंतरचे नऊ दिवस
मी गोठ्यात कमी आणि नकाशावर जास्त होते.
स्क्रँटन, बिंगहॅम्टन, आल्बनी,
मग डोंगर, मग आम्ही.
दूध काढताना हात आपोआप चालायचे
आणि मी त्या सावलीला विचारायचे,
आहेस ना रे बाबा तू?

बुशीला काही सांगितलं नाही.
काय सांगणार?
वडिलांच्या वेळी, उणे तीस अंशांत,
गोठ्यातली वीज गेली तेव्हा
रात्री दोन वाजता स्लेजवर जनरेटर बांधून
तो चढ चढून आला होता,
आणि त्याचं बिल अजूनही आलेलं नाही.
असल्या गोष्टी चार हजार दोनशेतून
वजा कशा करायच्या
हे मला कोणत्याच शाळेत शिकवलं नाही.

ट्रेलरवाल्याचा फोन आला गुरुवारी दुपारी.
रस्ता एकच, तोही बुशीच्या दुकानावरून.
मी म्हटलं, घाई नाही, जेवून घ्या,
खाली चांगला पाय मिळतो सफरचंदाचा,
अंधार पडला तरी चालेल.
स्वतःचाच आवाज ऐकून
मी फोन ठेवल्यावर हात धुतले.

साडेआठला दिवे चढावर दिसले.
साखळ्यांनी जखडलेला तो,
चिखलाचा एक परका, तांबूस थर चाकांवर.
आमची माती काळसर आहे.
ड्रायव्हर उतरला, पाठ मोडत म्हणाला,
सापडलं बुवा एकदाचं! खाली एक दुकान उघडं होतं,
त्या म्हाताऱ्याने रस्ता काढून दिला.
आणि खिशातून कागद दिला.

बुशीच्या बिलबुकातलं पान.
मागच्या बाजूला पेन्सिलचे बाण,
पूल, दुधाच्या टाक्या, आमची टपालपेटी,
आणि त्याच्या त्या तिरक्या अक्षरात, जे मी
लहानपणापासून बिलांवर वाचत आले:
पुलानंतर डावीकडे.
वळण आखूड आहे, ट्रेलर लांब घ्या.
कुत्रा चावत नाही.

हत्यारांच्या पेटीत एक चिठ्ठी निघाली, लाँगनेकरची:
थंडीत दुसरा गिअर हट्ट करतो.
फोनवर सांगायचं राहिलं.
राहिलं की राहू दिलं, कोण जाणे.
मीही काही सगळं सांगत नाही.

सोमवारी ऑइल फिल्टर आणायला गेले.
बुशी पाठमोरा, कसल्याशा पट्ट्यांशी झटत होता.
मी नंबर सांगायच्या आत
फिल्टर काउंटरवर आला.
ट्रेलर थांबला होता तेवढ्यात
त्याने मॉडेल बघून ठेवलं असणार.
तास किती, एवढंच विचारलं.
अकराशे बारा.
बरा आहे, म्हणाला.

किंमत छापील. एक सेंट कमी नाही.
जन्मात पहिल्यांदा
मी घासाघीस केली नाही.