अंगठ्याएवढी जागा

वाळपईच्या काजू कारखान्यात
आई बिया फोडते.
टरफलातल्या तेलाने तिच्या बोटांवरच्या रेषा
केव्हाच खाल्ल्या.
रेशनच्या दुकानातलं मशीन तिला तीनदा नाही म्हणतं,
चौथ्यांदा ती पदराला अंगठा पुसते
आणि मशीनचीच माफी मागते.

हे मी मुलाखतीत सांगितलं नाही.
पर्वरीला, बेकरीच्या वरच्या मजल्यावर
लॅपटॉप उघडून बसले होते:
कधीच न उघडलेल्या कॅफेचं अ‍ॅप,
कुणी न मागितलेलं बँकेचं नवं रूप,
जांभळ्यातून निळ्यात उतरणारे रंग,
सगळं कोर्समध्ये शिकवलेलं, सगळं कडक इस्त्रीचं.
लव्हिनिया बार्रेतो पडदे सरकवत राहिली. मग म्हणाली,
"सुंदर आहे. वापरणार कोण?"
म्हटलं, यूजर.
"नाव काय त्याचं?"
खालून पावाचा वास येत होता.
मला एकही नाव आठवेना.

तरी घेतलं तिने.
पगार ऐकून भाऊ म्हणाला,
एवढ्याला तर कॅसिनोत ट्रे उचलतात, वर टिप.

पहिले सहा महिने नुसते चौकोन काढले.
राखाडी चौकोन, त्यावर फुली:
इथे फोटो येईल,
इथे मजकूर,
इथे डॉक्टरचं नाव.
लव्हिनिया मागून जाता जाता सांगायची,
"'सबमिट' लिहू नकोस गं,
माणूस दवाखान्यात जातोय, शरण नाही येत."

मग चाचणीला पाच जण बोलावले.
त्यात कुस्तोदिओ, निवृत्त तारवटी,
सत्तावीस बंदरं पाहिलेला,
आमच्या दुसऱ्याच पडद्यावर अडकला.
वर गेला, खाली आला, चष्मा काढला, लावला.
"सॉरी हां बाये, म्हजीच चूक."
माझ्या ओठांवर आलं होतं, उजवीकडे, वर, ते हिरवं,
पण टेबलाखाली लव्हिनियाने माझं मनगट धरलं.
फेरी धक्क्याला लागेपर्यंत
कठड्याला धरून उभं राहावं लागतं,
तशी उभी राहिले. बसल्या बसल्या.
अकरा मिनिटं.

त्या रात्री बसमध्ये पहिल्यांदा वाटलं
की मला काम लागलंय.

बटण मोठं केलं.
"अपॉइंटमेंट शेड्यूल करा" काढून
"नंबर लावा" केलं.
या दोन शब्दांसाठी तीन मीटिंगा,
आणि मडगावहून आलेल्या एका साहेबाचा
बिघडलेला मूड.

आईने विचारलं, चित्रं काढतेस?
नाही.
कॉम्प्युटर दुरुस्त करतेस?
नाही.
मग?
लोकांना सॉरी म्हणावं लागू नये, ते बघते.
ती बराच वेळ सुरीवरचा चीक खरवडत बसली.
"आणि याचे पैसे कोण देतं?"

खरंच, कोण देतं.
चतुर्थीच्या आधी बटण पुन्हा लहान झालं.
रिकाम्या जागेत आसगावच्या व्हिलांची जाहिरात बसली,
तलाव, दोन खुर्च्या, ताबा डिसेंबरात.
मी भांडले. हरले.
लव्हिनियाने पॅटिस मागवले, म्हणाली,
"जुनी फाईल ठेवून दे. साहेब बदलतात."
ठेवली आहे. तिचं नाव फायनल-फायनल-तीन.

रविवारी आईचा गुडघा सुजला.
तिने माझाच फोन उचलला, मला न विचारता.
अंगठा दाबला. काही नाही.
पुन्हा दाबला. व्हिला उघडला.
मी मनगट धरायला कुणी नसताना
स्वतःचंच धरून बसले.
तिने व्हिलाकडे पाहिलं, "बरा आहे" म्हणाली, बंद केला.
मग बोट मुडपून
दार ठोठावावं तसं
मधल्या पेराने बटणावर टकटक केली.

नंबर एक्केचाळीस.

माफी नाही, पदर नाही.
फोन परत देऊन ती पेज ढवळायला गेली.
मी वही काढून लिहिलं: यूजर, पेराने दाबतो.
खोडलं.
लिहिलं: शेवंती गावस, वय चोपन्न,
पेराने दाबते.