धार

रीद-दीच्या वाहनतळावर सगळे नाड्या आवळून
पूर्वेला गेले, मोठ्या शिखराकडे.
तिथे माथ्यापर्यंत आगगाडी जाते,
वर चहाही मिळतो म्हणे.
आम्ही दोघी पश्चिमेला.
"रांगच लावायची," आयर्वेन म्हणाली,
"तर पोस्टात काय वाईट? निदान छप्पर असतं."

पहिला तासभर नुसता चढ.
ओलं गवत, लेंड्या, कुंपणात अडकलेली लोकर.
माझ्या छातीचा भाता झालेला
आणि ही अडुसष्टची बाई,
शाळेच्या भटारखान्यात तीस वर्षं बटाटे सोललेली,
मागे न बघता पुढे.
इदवाल गेल्यापासून बोलते कमी, चालते जास्त.
मार्चमध्ये बँगरच्या इस्पितळात
तिच्या मनगटाचा एक्स-रे मी काढला होता.
हाड जुळलं.
नंतर आम्हीही.

माथ्यावर दगडांची रास.
तिच्या आडोशाला अर्धं अर्धं सँडविच.
तिथून पुढे डोंगर अंग चोरतो.
उजवीकडे कडा, सरळ खाली;
डावीकडे उतार, पण तोही काही
आपला माणूस नव्हे.
बसून, सरपटत, एकदा तर चक्क खडकाला मिठी मारून
मी विचारलं, ह्याचं नाव काय?
"रानाच्या दाराचा डोंगर."
रान कुठाय?
"तोडलं. फार पूर्वी."
आणि दार?
तिने नुसती हनुवटी उचलली, वाऱ्याच्या दिशेने.

"तुमच्यात काय म्हणतात, अशा दोन्हीकडे पडणाऱ्या वाटेला?"
धार, मी म्हटलं.
सुरीला असते तीही धार,
गाईची काढतात तीही.
हे दुसरं ऐकून ती थांबली.
सकाळपासून पहिल्यांदा.
हातमोजे दातांनी ओढून काढले
आणि त्या अरुंद दगडावर, तीनशे मीटर हवेच्या काठाशी,
दोन्ही मुठी वरखाली,
अंगठा आत, बोटं एकामागून एक.
"ब्लोदेन," ती म्हणाली. "लाथाळ होती. पण माझ्याकडे द्यायची."
मी मनगटाकडे बघत होते. चांगलं वळत होतं.

मग शब्द तोंडात घोळवत निघाली.
ध काही बसेना जिभेवर.
धार म्हणायला जायची, दार व्हायचं.
सांगणार होते,
तेवढ्यात समुद्राकडून धुकं आलं
आणि पुढचा दगड गेला, तिची लाल टोपी गेली,
माझे स्वतःचे बूट गेले.

उभी राहिले. मांड्या थरथरत होत्या, खोटं कशाला सांगू.
आयर्वेन?
जरा वेळ काहीच नाही.
मग पांढऱ्यातून, चार पावलांवरून, अगदी शांतपणे,
"दार."
एक पाऊल टाकलं.
"दार."
आणखी एक.

खाली गाडीत बसल्यावर थर्मासचं झाकण उघडत
तिने विचारलं, बरोबर म्हणते ना मी?
अगदी बरोबर, म्हटलं.