नऊ निळी दारं

"टाकीच्या मागे. निळं दार."
एवढाच पत्ता दिला त्यानं, दोनदा, मोडक्या हिंदीत,
आणि शम्सानं तो अरबीत टिपून घेतला.
माझ्या पडद्यावर त्या जागी
नुसता करडा चौकोन : औद्योगिक क्षेत्र, कामगार निवास.
आत रस्ता नाही, गल्ली नाही,
दार तर नाहीच.

सोहारच्या बंदरामागे, ऑगस्टात,
रात्री दोनलाही पत्रा हाताला पोळतो.
मुराद बलुशीनं सहा मिनिटांत ॲम्ब्युलन्स टाकीपाशी आणली.
टाक्या तीन होत्या.
आणि कंपनीनं कधीकाळी निळा रंग घाऊक घेतला असावा,
कारण निळी दारं होती नऊ.

पडद्यावर मुरादचं लाल टिंब हिंडत राहिलं
गोठा चुकलेल्या वासरासारखं,
या बोळातून त्या बोळात, पुन्हा मागे.
आणखी अकरा मिनिटं.
सातव्या दारामागे दुर्योधन बेहेरा, वेल्डर, वय एकेचाळीस,
आणि त्याचे तळवे चोळत बसलेली खोलीतली सहा माणसं.
चोळण्यासारखं काही उरलं नव्हतं, मुराद नंतर म्हणाला.

आपण म्हणतो ना, पत्ता लागला नाही.
माणूस आपल्याच खाटेवर असतो
आणि बेपत्ता असतो.

वडील मोजणी खात्यात होते.
दोन भावांच्या शिव्या ऐकत, बांधावर साखळी ओढत,
गवतात बुडालेला हद्दीचा दगड हुडकायचे.
म्हणायचे, नकाशा पायांनी काढायचा असतो,
कचेरीत येऊन फक्त शाई करायची.
मी उपग्रहाच्या भरवशावर होतो.
उपग्रहाला छपरं दिसतात.

मग शुक्रवारी जायला लागलो, सुट्टीच्या दिवशी,
हातात जीपीएसचं यंत्र, डोक्याला ओला पंचा.
पहिल्या दिवशी फाटकावरच्या थापानं हटकलं.
तिसऱ्या शुक्रवारी तोच पुढे चालत होता :
इथे वळ, तिथून वाट नाही, भिंत घातलीय.
दर दाराशी एक टिंब, दर टिंबाला एक आकडा,
आकडा दारावर रंगवायचा, हातभर मोठा.

पण आकडे कोण सांगतं घाबरल्यावर?
तिथली माणसं म्हणत, केसकापू गल्ली.
म्हणत, डोसा कोपरा. कबुतरवाल्याची खोली. रडका नळ.
एका बोळाचं नाव होतं नुसतं "साप",
चार वर्षांमागे एकदाच निघाला होता.

आमच्या तक्त्यात रकाने दोन,
अरबी नाव आणि इंग्रजी नाव.
मी तिसरा उघडला.
साहेबांनी विचारलं, हे काय?
म्हटलं, हाक मारायचं नाव.
पाळण्यातलं वेगळं असतं, हाकेचं वेगळं.
त्यांना ते किती कळलं कोण जाणे,
रकाना राहिला.

जानेवारीत फोन आला. कुणीतरी ओरडत होतं, रडका नळ, रडका नळ.
शम्सानं तीन अक्षरं दाबली आणि टिंब पेटलं.
मुराद एकदाही मागे वळला नाही.
पाच मिनिटं, काही सेकंद.
तो कोण होता मला माहीत नाही.
वाचलेल्यांची नावं या खोलीपर्यंत येत नाहीत.

ऑगस्टातल्या त्या रात्रीची लाल रेघ
यंत्रानं आपणहून जपून ठेवली होती :
तीन टाक्यांभोवती गुंतलेली, सुटत नसलेल्या दोऱ्यासारखी.
जुन्या नोंदी काढून टाका, असा आदेश आला.
बाकीच्या काढल्या.
ही एक वेगळ्या थरावर ठेवली आहे,
थर बंद करून.

कधी रात्रपाळीत फोन शांत असले
की उघडून बघतो,
सातव्या दाराशी ती कुठून वळायला हवी होती.
दुसऱ्या टाकीच्या डाव्या हाताला.
चाळीस पावलं.
मी चालून मोजली आहेत.